वाघजाईच्या जागेवरची सुपारी

१

देव चोरीला गेला की लोक आधी देवाला शोधत नाहीत, गरिबाला शोधतात. सदतीस सालच्या माघात, निवडणुकीची धामधूम चालू असताना, कुसगावच्या वरच्या अंगाला असलेल्या चाफेवाडीतली वाघजाई पहाटे जागेवरून नाहीशी झाली. ऊन तापायच्या आत फौजदार महिपती शेलारांनी तिचा भगत शिदू याला मनगटांना काढणीचा दोर बांधून लोणावळ्याच्या चौकीवर आणून बसवलं.

बातमी लोणावळ्यातल्याच आमच्या बंगल्यावर आली तेव्हा मी व्हरांड्यात तात्यांचं भाषण तपासत होते. तात्या म्हणजे माझे वडील, रावबहादूर त्र्यंबकराव खांबेटे. उभी हयात पुण्यात सरकारी वकिली केली आणि आता कायदेमंडळाला उभे राहिलेले. मी त्यांची एकुलती एक मुलगी मथुरा. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, वकिलीची सनद घेतली आणि तात्यांच्याच हाताखाली काम शिकले. मावळात तात्यांबद्दल दोन मतं होती. ज्यांची कामं त्यांनी केली ते त्यांना देवमाणूस म्हणत, आणि ज्यांची घरं धरणाखाली गेली ते त्यांचं नाव निघालं की थुंकत. मी अर्थातच पहिल्या मताची.

धरणाचा तो दावा मी परकर नेसत होते तेव्हाचा. चाफेवाडी तेव्हा खाली नदीकाठी होती. वाडीचे लोक म्हणत, आम्ही इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे, आमची वाघजाई बघा. सरकारचं म्हणणं, हे कालपरवा येऊन घुसलेले. तात्यांनी सरळ वाघजाईलाच उचलून पुण्याच्या कोर्टात पुरावा म्हणून मांडलं. साक्षीला शिदूचा बाप कोंडू उभा होता. तात्यांनी त्याला विचारलं, "दर वर्षी देवीला शेंदूर चढवता म्हणता. मग अंगावर हा एवढाच पातळ थर? याच्याखाली दुसरा आहे? हो की नाही, एवढंच सांगा."

"न्हाई, पर सायेब..."

"पर नको."

खेळ खलास. देवी नवी ठरली, वाडी उपरी ठरली, आणि बदली जमीन कुणालाच मिळाली नाही. लोक देवीला घेऊन वर डोंगराच्या कुशीत जाऊन राहिले. मागच्या बाकावर बसलेल्या मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या.

तो दावा आता निवडणुकीत वर आला होता. तात्यांच्या विरुद्ध उभे राहिलेले दत्तोबा पाटील यांनी भर सभेत आव्हान दिलं, "रावबहादुरांनी वाघजाईपुढं बेलभंडार उचलावा आणि म्हणावं, तुला नवी म्हटलं ते मनापासून म्हटलं. मग मी उमेदवारी मागं घेतो." तात्या हसून "कबूल" म्हणाले. ती शपथ आज दुपारी व्हायची होती. आदल्या संध्याकाळी बंगल्यावर सत्यनारायणही घातला होता. विधुर माणूस पूजेला बसला की बायकोच्या जागी सुपारी घेतो. तिला हळदकुंकू लावून कनवटीला खोचतो आणि दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होऊन देव हलवेपर्यंत काढत नाही. आई गेल्यापासून आमचे भटजी दर पूजेला मला ती सुपारी दाखवून म्हणतात, "मथुताई, आई बसल्या बरं का पूजेला." मला ते ऐकायला फार आवडायचं.

तात्या पहाटेच नेहमीसारखे फिरून आले होते आणि उत्तरपूजा उरकून वर्तमानपत्र वाचत होते. शिदूला पकडल्याचं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"बिचारा," ते म्हणाले. "मथू, चौकीवर जा. त्याला सांग, तुझं वकीलपत्र मी घेतो. एक पैसा नको."

ज्या वाडीनं त्यांना शिव्या घातल्या त्या वाडीच्या भगतासाठी! मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. जाताना मी त्यांच्या पाया पडले.

२

"वकीलपत्र?" शिदू चौकीच्या भिंतीला टेकून बसला होता. "माझ्या बाला तुमच्या बानं बोलू दिलं न्हाई. मला बोलू देनार व्हय?"

"मी बोलू देते. सांग, काय झालं?"

"काय सांगू? माझी कारभारीन, भागू, सकाळी पानी घालाया गेली, तर आई जागेवर न्हाई. आईच्या जागी ह्ये." त्यानं टेबलाकडे हनुवटी केली.

फौजदारांनी रुमाल उलगडला. आत एक सुपारी होती. हळदकुंकू लावलेली, जरा पुसट झालेली.

"बघा ताईसाहेब," शेलार म्हणाले. "साधा चोर दगड उचलतो आणि पळतो. यानं देवीची जागा मोकळी ठेवली नाही, तिच्या ठिकाणी सुपारी मांडली. देवाला भिणारा माणूस आहे. मग भगताशिवाय दुसरा कोण? दत्तोबा पाटलाच्या सभेला हाच पुढं बसतो. रावबहादुरांनी शपथ घेतली तर पाटलाला बसावं लागेल, म्हणून यानं देवी दडवली."

"आन् मी दडवली असती तर सुपारी कशापायी ठिवली असती?" शिदू उसळला. "आमच्यात द्येव हालवला तर जागेवर नारळ ठिवत्यात. सुपारी तुमा लोकांची. आन् फौजदारसायेब, आपल्याच आईला कोन चोरतं?"

शेलारांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा स्वर खाली आला होता. संध्याकाळच्या गाडीनं शिदूला वडगावच्या कोर्टात नेण्याचा हुकूम होता. वाडीतले लोक तर आधीच म्हणत होते की शिदूनं देवी विकली. तो सुटून आला तरी त्याला कुणी देवीला हात लावू देणार नव्हतं. भगताचं भगतपण गेलं की तो माणूस वाडीत राहूच शकत नाही.

सुपारी मी पुन्हा पाहिली. ती पूजेतली होती एवढं नक्की. आणि या भागात काल पूजा झाली होती ती एकाच घरी.

आमच्या.

३

काल तीर्थप्रसादाला आमच्याकडे निम्मं लोणावळं लोटलं होतं. वैर बाजूला ठेवून दत्तोबा पाटीलही येऊन गेले होते. मी आधी त्यांनाच गाठलं.

"मी चोरीन?" पाटलांनी मांडीवर थाप मारली. "आवो ताई, मला ती देवी जागेवर हवी हुती! तुमचे वडील तिच्यापुढं उभे ऱ्हायले की त्यांची जीभ टाळ्याला चिकटती का न्हाई, ते मला बघायचं हुतं. आता लोक म्हनत्यात, पाटलानंच भगताकडनं देवी पळवली, शपथंला भ्याला. देवी गेली त्यात माझा फायदा कुटं हाय, तुमीच सांगा."

ते खरं होतं. देवी गेल्यानं शपथ टळली होती, आणि शपथ टळणं पाटलांच्या सोयीचं नव्हतं. मग कुणाच्या?

या प्रश्नाचं उत्तर मी मनात येऊ दिलं नाही. त्याऐवजी चिंतोपंत आठवले. चिंतोपंत तात्यांचे जुने कारकून. पूजेची सगळी मांडामांड त्यांनी केली होती. तात्यांसाठी विहिरीत उडी टाका म्हटलं तर खोली न विचारता टाकतील असा माणूस. तात्यांना नसती शपथ घ्यावी लागू नये म्हणून यांनीच काही उद्योग केला असेल, असं मला वाटलं. खरं म्हणजे वाटून घेतलं.

बंगल्याच्या मागच्या खोलीत ते पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. मी विषय काढला मात्र, त्यांनी हातातली घडी खाली टाकली.

"मीच," ते म्हणाले. "मीच चोरली. लिहून घ्या, मथुताई. मी सही करतो."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. "कुठे आहे ती?"

"तळ्यात टाकली."

"आणि सुपारी?"

चिंतोपंतांनी विचारलं, "कुठली सुपारी?"

धोंडा पुन्हा जागेवर आला. जो माणूस देवीची जागासुद्धा मोकळी ठेवू शकत नाही तो तिला तळ्यात फेकत नाही. चिंतोपंतांना सुपारी ठाऊक नव्हती. म्हणजे त्यांनी चोरी केलेली नव्हती, कुणाला तरी पाठीशी घालत होते. आणि चिंतोपंत जगात एकाच माणसाला पाठीशी घालू शकत होते.

४

जेवायची वेळ झाली होती. तात्या पाटावर बसले होते. अंबूबाई वाढत होती. ती आमच्याकडे स्वयंपाकघरात वरकामाला होती, पण गर्दीच्या दिवसांत वाढायलाही उभी राही.

"आज भात नको," तात्या म्हणाले.

मी दचकून वर पाहिलं. आंबेमोहोर भाताशिवाय तात्यांचं जेवण होत नाही. तापात पडलेले असतानाही मऊ भात मागणारा माणूस.

"उपास आहे का?"

"भूक नाही," असं म्हणून त्यांनी पोळी मागितली.

मी भात कालवला आणि मला एक शीत वेगळं दिसलं. बाकी भात पांढराशुभ्र आणि ते एक शीत नारिंगी. कुंकवाचं लाल नव्हे, शेंदराचं नारिंगी. मी ते ताटाच्या कडेला ठेवलं आणि पुढं एक घास गेला नाही. तात्या उठून हात धुवायला गेले तशी मी स्वयंपाकघरात शिरले.

"अंबूबाई, सकाळी भटजी काही म्हणाले का?"

"लय करवादत हुते की! चौरंगावरच्या समद्या सुपाऱ्या हाईत, म्हनले, पर सायबांच्या कनवटीची तेवढी गायब. मग दुसरी घेऊन विसर्जन केलं. माज्यावर कशाला डाफरायचं, म्या काय सायबांच्या कनवटीला हात घालती व्हय?" ती हसली. मग आवाज खाली करून म्हणाली, "पर ताईसायेब, सत्यनारायन पावला बगा. काल एवढ्या पंगती उठल्या, पिंपातलं तांदूळ उपसून काडलं. आज बगती तर तांदूळ खाली जायाचं सोडून वर आल्यात! म्या तर पिंपाला कुंकू लावलं."

कोपऱ्यातल्या पिंपावर खरंच कुंकवाचं बोट ओढलेलं होतं. आमच्या घरात एक जुनी रीत आहे. घराला कुलूप लावून परगावी जायचं झालं की देव उघड्यावर ठेवायचे नाहीत, तांदळात ठेवायचे. आजी करायची, आई करायची.

मी झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांना आधी रेशमी कापड लागलं, आणि कापडाच्या आत गार, तेलकट दगड.

५

तात्या खोलीत आरामखुर्चीवर होते. मी दार लावलं. साक्षीदार कसा तपासायचा हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"तात्या, विचारते त्याचं उत्तर द्या. हो की नाही, एवढंच सांगा. आज उत्तरपूजेला बसलात तेव्हा कालची सुपारी तुमच्या कनवटीला होती?"

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती नीट जुळेना. "नाही."

"फिरायला गेलात तेव्हा होती?"

"हो."

"मग आईला तिथं ठेवून आलात तुम्ही."

तात्या म्हणाले, "देवीला शालीखाली घेतलं आणि निघालो, मथू. चार पावलं गेलो नि मागं पाहिलं. ती मोकळी जागा बघवेना. परत फिरलो. ठेवायला दुसरं काही नव्हतं. कनवटीला हात गेला, ती निघाली."

आयुष्यभर कोर्टात देवभोळ्या साक्षीदारांची टिंगल करणारे माझे वडील! पाटलांच्या आव्हानाला ते हसून "कबूल" म्हणाले होते, आणि पहाटे एका दगडासमोर त्यांची छाती झाली नव्हती. मला त्यांची कीव आली असती. पण चौकीत शिदू बसला होता.

"आणि शिदू?"

"त्याच्यावर पुरावा काय आहे? मी त्याला सोडवणारच होतो. म्हणून तर वकीलपत्र..."

"स्वतःच्या चोरीत दुसऱ्याला अडकवायचं आणि मग फुकट सोडवायचं. मतं दोन्हीकडून." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तात्या, उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही, हे तुमचं पहिलं सूत्र. मग कोंडूला तुम्ही दुसऱ्या थराचं विचारलंत ते कशाच्या जोरावर? तुम्हाला ठाऊक होतं, दुसरा थर नाही. आणि तो का नाही, हेही ठाऊक होतं."

तात्यांनी डोळे मिटले.

"खोळ," ते म्हणाले. "शेंदराचे थर साचून साचून जड झाले की एक दिवस सबंध खोळ आपोआप गळून पडते. ती नदीत सोडतात. देवी आतून नव्यासारखी निघते. माझं आजोळ मावळातलं, मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. त्या वर्षी वाघजाईची खोळ पडली होती. कोंडू तेच सांगायला लागला होता."

"म्हणून 'पर नको'."

"सरकारचा वकील होतो मी. सरकारची बाजू मांडली. शब्दानं खोटं बोललो नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या प्रश्नाला मी मनात टाळ्या वाजवल्या, ज्याची नक्कल करत मी वकिली शिकले, तो प्रश्न म्हणजे एका म्हाताऱ्याच्या तोंडावर ठेवलेला हात होता. सकाळी याच माणसाच्या मी पाया पडले होते.

तात्या तोवर सावरले होते. खुर्चीत पुढं झुकून, अगदी मसलतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, देवी देवराईत सापडली म्हणू. शिदू सुटेल. लोक म्हणतील, देवी रुसून गेली होती. कुणाचंच नुकसान नाही."

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. पिंपातून वाघजाईला काढलं, पदराखाली घेतलं आणि टांगा सांगितला. टांगा हलायच्या आत तात्या काठी टेकत आले आणि माझ्या शेजारी बसले. का आले ते त्यांनी सांगितलं नाही.

६

वाघजाईच्या छपरापाशी माणसांचा फड जमला होता. पाटील होते, कुसगावचे शेतकरी होते, वाडीतली बायामाणसं होती. फौजदारांनी पंचनाम्यासाठी शिदूलाही तिथंच आणलं होतं. मी टांग्यातून उतरले आणि पदर बाजूला केला, तशी सगळी माणसं पुढं सरकली.

"कुठं मिळाली?" शेलारांनी विचारलं.

तात्या माझ्याकडे बघत होते. देवराई, एवढाच शब्द बोलायचा होता.

"फौजदारसाहेब, तुमच्या रुमालातली सुपारी द्या मला," मी म्हटलं. "ती माझी आई आहे."

कुणाला काही फोड करून सांगावी लागली नाही. विधुराच्या कनवटीची सुपारी म्हणजे काय हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकेक नजर तात्यांकडे वळली. दत्तोबा पाटलांना एवढी संधी मिळाली होती, पण त्यांनीही मान खाली घातली. उघड्यावर आलेली दुसऱ्याची अब्रू बघायला त्यांनाही लाज वाटली असावी. मी मात्र मान खाली घालू शकत नव्हते. माझ्या हातात देवी होती.

शेलारांनी शिदूची काढणी सोडली. शिदूनं मनगटं चोळली, माझ्याकडून वाघजाईला घेतलं, अंगावरचे तांदळाचे दाणे फुंकून झाडले आणि तिला तिच्या जागी बसवलं. मग तो तात्यांसमोर येऊन उभा राहिला.

"रावबहादूर, माझी आई जुनी का नवी?"

तात्यांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे शिदू, कोर्टात जो पुरावा पुढं येतो, त्यावरून..."

"पर नको," शिदू म्हणाला. "येवढंच सांगा. जुनी का नवी?"

तात्यांनी वाघजाईकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरची पगडी काढून हातात घेतली.

"जुनी," ते म्हणाले.

"माझा बा ह्येच सांगत मेला," शिदू म्हणाला आणि पाठ फिरवून देवीला पाणी घालायला गेला.

शिदूच्या बायकोनं, भागूबाईनं, शेलारांच्या रुमालातली सुपारी घेऊन माझ्यापुढं धरली. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. "चालत असेल तर राहू दे तिला इथंच," मी म्हटलं.

तिनं जरा विचार केला. "ऱ्हाऊ द्या. बाईमानूस हाय. आमच्या आईला सोबत." तिनं सुपारीला ताजं कुंकू लावलं आणि देवीच्या पायाशी ठेवली.

७

तात्या निवडून आले.

मला वाटलं होतं, मावळात त्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण चार दिवसांत गावोगाव बोलणं फिरलं. एवढा मोठा माणूस, देवीपुढं पगडी काढून कबूल झाला, मन मोठं लागतं त्याला! चिंतोपंतांनी तशी पत्रकंही छापून घेतली. दत्तोबा पाटलांनी कपाळावर हात मारला, "ह्यांना मीच निवडून आनलं." चाफेवाडीतल्या एकालाही मत नव्हतं. मत असायला सरकारला शेतसारा भरावा लागतो, साऱ्याला जमीन लागते, आणि जमीन तर एका प्रश्नात गेली होती. तो दावा पुन्हा काढायचा म्हणून मी शिदूकडे वकीलपत्र मागायला गेले. "बगू," तो म्हणाला. बसा म्हणाला नाही.

निकालानंतर बंगल्यावर पुन्हा सत्यनारायण झाला. पाहुण्यांनी ओसरी भरली होती. भटजींनी नवी सुपारी घेतली, तिला हळदकुंकू लावलं, तात्यांच्या पुढं धरली आणि सवयीनं माझ्याकडे वळून म्हणाले, "मथुताई, आई बसल्या बरं का पूजेला."

"भटजी, आई चाफेवाडीला आहे," मी म्हटलं. "ती नुसती सुपारी आहे."

तात्यांचा पुढं केलेला हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग त्यांनी ती सुपारी उचलली, कनवटीला खोचली आणि संकल्प सोडायला पळी हातात घेतली.